आमची वाटचाल : ३१ किलो जळकं तांबं

१९९६ साली मोर्शी-वरुड पट्ट्यातल्या आमच्या गावात, बसस्टँडच्या मागे टिनाच्या शेडमध्ये मी मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं, दुकान टाकलं. आयटीआयचं सर्टिफिकेट, हाताने फिरवायचं कॉइल मशीन, एक मायक्रोमीटर आणि वडिलांनी तूर विकून घेऊन दिलेला मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), एवढं भांडवल. तो मेगर आजही चालू आहे. हँडल फिरवताना मी कास्तकाराच्या तोंडाकडे बघत नाही. काटा शून्यावर पडला म्हणजे मोटर जळली आणि त्याचा हंगाम अडला, हे त्यालाही कळतं.

आमचा एक नियम पहिल्या दिवसापासूनचा. स्टेटरमधून, म्हणजे मोटरीच्या तार भरलेल्या स्थिर भागातून, उपसलेलं जळकं तांबं गिऱ्हाइकासमोर तोलायचं आणि पिशवीत बांधून त्याच्याच हातात द्यायचं. पुष्कळ ठिकाणी ते तांबं दुकानातच राहतं, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. आम्ही एक तारही ठेवली नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

पुढची वर्षं कामात गेली. शेडचा गाळा झाला, तिपाई आणि चेनपुली आली, बोअरमधून मोटर काढायला दोन पोरं ठेवली. त्यातल्या एकाला मी सात वर्षं हाताखाली शिकवलं. स्लॉट मोजणं, पिच धरणं, फायबर पट्टी कापणं, पानबुडीला (पाण्यात बुडवून चालवायच्या मोटरीला) पॉलीवायर, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली तांब्याची तार, किती ओढून भरायची, सगळं. २०१५ मध्ये त्याने माझ्यासमोरच, रस्त्यापलीकडे दुकान उघडलं. उघडू दे, बाजार कोणाच्या बापाचा नाही. पण त्याने ओपनवेल (उघड्या विहिरीतल्या) मोटरींत ॲल्युमिनियमची तार भरून तांब्याचे पैसे घेतले. अशा तीन मोटरी माझ्याकडे आल्या. चाकूने तार खरवडली की आतून पांढरी निघायची. शिकवलं मी आणि नाव गेलं आमच्या धंद्याचं, हे अजून सलतं.

आता २०२४ च्या मे महिन्याचं सांगतो. तांब्याचा भाव तेव्हा जगभर विक्रमावर गेला होता. नागपूरच्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली. इकडे उन्हाळा, व्होल्टेज पडलेलं, रोज दोन-तीन मोटरी जळून यायच्या. झाडावर आंबिया बहाराची संत्री लिंबाएवढी झालेली, पाणी चुकलं की गळ सुरू. अकरा कास्तकारांचे ॲडव्हान्स माझ्याकडे होते आणि रॅक रिकामा.

फेसबुकवर पॉलीवायरची जाहिरात दिसली, भाव बाजारापेक्षा बराच कमी. फोन केला तर माणूस अदबीने बोलला. व्हिडिओ कॉलवर गोदाम दाखवलं, जीएसटी नंबर पाठवला. नंबर मी तपासला, तो खरा निघाला. फक्त तो दुसऱ्याच कंपनीचा होता, हे नंतर कळलं. ८४,००० आणि मग १,००,००० असे एनईएफटीने टाकले. बायकोच्या पाटल्या त्यासाठी गहाण होत्या. बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो आला, माल आला नाही. तिसऱ्या दिवशी नंबर बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा तीन दिवस उलटले होते. ३८,५०० रुपये एका खात्यात होल्ड झाले, बाकी कधीच काढून नेले होते. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात १९३० लावा, लाजेपायी मी केला तसा उशीर करू नका. नव्या व्यापाऱ्याला माल हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आणि जीएसटी नंबर खरा निघाला तरी ती कंपनी कुठली ते शोधा, तिथे फोन लावून विचारा.

समोरच्याने त्या आठवड्यात काय केलं? माझ्या गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून सांगितलं की तुमचे ॲडव्हान्स बुडाले, तार वगैरे सब झूठ, त्यानेच पैसे खाल्ले. दोघं त्याच्याकडे गेलेही.

पाचव्या दिवशी दादाजी आले. १९९८ पासूनचं गिऱ्हाईक, साडेतीन एकर संत्रा, पाच एचपीची पानबुडी. त्यांचीही मोटर माझ्याकडे उघडी पडली होती, ॲडव्हान्स देऊन झाला होता, आणि शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाइप टाकून ते झाडं जगवत होते. मला वाटलं पैसे मागायला आले. त्यांनी मोटरसायकलवरून एक पोतं उतरवलं. आत लहान-लहान पिशव्या, प्रत्येकीची गाठ मीच मारलेली.

"नऊ खेपा जळली मायी मोटर, नऊही खेपा तू तांबं हातात देल्लं," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नात पाण्याचा गुंड कराचा होता, ते लग्न तर कवाचंच होऊन गेलं. घे, आता तुले कामी येते."

तोललं तर ३१ किलो. भंगारातही तांब्याला तेव्हा सातशेच्या वर भाव होता. ते विकून रोखीने तार आणली. त्यांचीच मोटर आधी भरतो म्हटलं तर ऐकेनात. "माया पाइप चालू हाय, ज्याले पाइप नाही त्याचं कर." त्यांची मोटर मी चौथी भरली, रात्री अडीचपर्यंत बसून. एकाही कास्तकाराचा ॲडव्हान्स बुडाला नाही. पाटल्या सोडवायला मात्र दिवाळी उजाडली.

ऑगस्टमध्ये पोलिसांनी होल्ड झालेलं खातं ज्याचं होतं त्या पोराला आणलं. शेजारच्या जिल्ह्यातला, वीस-एकवीसचा, वायरमनचा आयटीआय झालेला, घरी बसून. ५,००० रुपयांसाठी त्याने खातं, एटीएम कार्ड आणि सिम कोणाला तरी देऊन टाकलं होतं. खरे चोर अजून सापडले नाहीत. त्याची आई सोबत होती, साडीच्या पदरात कागद गुंडाळून. "काकाजी, मले वाटलं गेमचे पैसे असतीन," तो म्हणाला. रात्रभर मी घोकलं होतं त्याला काय काय बोलायचं ते. त्याच्या बोटांकडे लक्ष गेलं. पक्कड धरून पडलेले घट्टे होते.

मी त्याला म्हटलं, माझा तुझ्यावर राग नाही. वकील म्हणाले घाई करू नका, घरच्यांनी तर दोन दिवस अबोला धरला. तरी मी कोर्टात लिहून दिलं की या मुलाबाबत तडजोडीला माझी हरकत नाही. पुढचं कोर्टाचं. होल्डवरचे ३८,५०० कोर्टाच्या आदेशाने मिळाले. मिळालेले ५,००० त्याने ५००-५०० करून मला पाठवले. मी नको म्हटलं होतं, त्याच्या आईने ऐकलं नाही.

समोरच्याला मी माफ केलं असं इथे लिहिणार नाही, खोटं होईल. नमस्कार सुरू झाला आहे, तोही त्याच्या वडिलांच्या तेरवीपासून.

एक मात्र हात जोडून सांगतो, स्टार्टरचा रिले डायरेक्ट करू नका, म्हणजे करंट वाढला की मोटर बंद करणारा तो भाग टाळून मोटर चालवू नका. एक फेज गेली तरी मोटर चालत राहते आणि तासाभरात वाइंडिंग कोळसा.

यंदा मार्चमध्ये दादाजींची मोटर वर काढली, पाणी कमी फेकत होती. मेगर लावला, काटा सरळ इन्फिनिटीला. बुश झिजले होते, तेवढे बदलले. त्या रात्री भरलेली तार जशीच्या तशी होती. या खेपेला दादाजींना द्यायला तांबं निघालं नाही.