तुला येतंच की!

रिफ्रेशर कोर्स करून आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडम आज हजर झाल्या. टेबलावर पेढे, पिशवीत प्रशिक्षणाची फाईल. मी म्हटलं, "पुढच्या वेळी माझंही नाव द्याल का?" त्या हसून म्हणाल्या, "तुला कशाला? तुला येतंच की सगळं!"

कौतुकच होतं ते. मग दिवसभर टोचत का राहिलं?

येतं म्हणजे काय येतं? संगणकावर पुस्तकाची नोंद करताना २४५ क्रमांकाच्या रकान्यात शीर्षक, १०० मध्ये लेखक, ०८२ मध्ये ड्युई पद्धतीचा, म्हणजे विषयाचा, वर्गांक, हे हाताला बसलंय. पण जुन्या मराठी नोंदी कोहात, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत, आणल्या तेव्हा ओपॅकवर, म्हणजे वाचकांनी पुस्तक शोधायच्या पानावर, 'इतिहास' टाकलं की एकही पुस्तक निघेना, आणि मागच्या कपाटात इतिहासाचे दोन कप्पे भरलेले! त्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. फॉन्ट होता तोवर पडद्यावर मराठी दिसायचं, आत मात्र भलत्याच खुणा साठलेल्या. मी एकेक पुस्तक हातात घेऊन नोंदी परत टाइप केल्या. अशा मजकुराचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर असतात, हे फार नंतर कळलं. कुणी तासभर समोर बसवून सांगितलं असतं तर माझी अख्खी उन्हाळी सुट्टी वाचली असती.

वाईट याचं वाटतं. कार्यशाळांना ग्रंथपालांनी जायचं, कारण पदोन्नतीला त्यांना ते लागतं. आम्ही शिक्षकेतर. आमचं शिकणं कुठल्याच रकान्यात बसत नाही. पगाराचं तर जाऊच दे. आईनं विचारलं, चेहरा का उतरलाय. तिला काय सांगू?

मॅडमवर राग नाही. फाईल त्यांनी माझ्याकडेच दिली, "वाच निवांत" म्हणून. वाचली. पण हे वाचून येणारं काम नव्हे, करून बघायचं आहे.

मग रात्री कोहाच्या विकीवर बसले. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांना जुनी प्रणाली सन २००० मध्ये चालेल याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी कोहा करून घेतलं आणि सगळ्या जगाला मोकळं केलं. विकीवर देशोदेशीच्या ग्रंथालयांतल्या माणसांनी आपापले एसक्यूएल रिपोर्ट, म्हणजे नोंदींतून हवा तो तक्ता काढायच्या आज्ञा, ठेवलेत. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वेळी त्यातलाच एक घेऊन मी फक्त तारखा बदलल्या, आणि देवघेवीचा सगळा तक्ता निघाला. तो रिपोर्ट लिहिणाऱ्याचं पद काय, मला ठाऊक नाही. माझंही तिथं कुणी विचारलं नाही. बरं वाटलं.

तरी 'येतंच की' जात नाही मनातून. रिपोर्टातली ओळ तशीच का लिहायची, त्यातली 'जॉइन' ही आज्ञा नेमकं काय करते, हे मला शिकायचंय. चुकले तर तिथल्या तिथे थांबवणारं कुणीतरी शेजारी हवंय.

उद्या प्राचार्यांच्या नावे अर्ज देते. स्वखर्चानं जायची तयारी आहे, असंही लिहीन. नाही, खर्चाचं नाही लिहिणार. तो कॉलेजनंच द्यावा.