आधी शफल बंद कर, मग बोल

परवा पुण्याला जाताना धाकट्याच्या गाडीत 'साउंडबॉम्बिंग टू' हा अमेरिकन हिपहॉपचा अल्बम लावला, आणि साहेबांचा फोन शफलवर. त्यामुळे एक गाणं संपायच्या आत दुसऱ्याचा बीट घुसायचा आणि तो रंगात येणार तेवढ्यात खटकन तिसरंच काहीतरी सुरू. मला म्हणतो, "दादा, तुझ्या फाइल्स करप्ट आहेत." फाइल्स नाही रे बाबा, तू करप्ट आहेस.

कसंय ना, हा अल्बम नावाला कंपायलेशन, पण खरं म्हणजे मिक्सटेप आहे, एका गाण्यात दुसरं न थांबता मिसळलेलं. तो काढणारं रॉकस रेकॉर्ड्स हे न्यूयॉर्कचं इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र, लेबल, १९९५ चं. त्यांची बरीच गाणी आधी बारा इंची रेकॉर्डवर यायची, जी डीजे लोकच जास्त घेणार, मग ज्याच्या घरी टर्नटेबल नाही त्यानं काय करायचं? तर ती गाणी गोळा करून, त्यात नवीन टाकून, एका डीजेच्या हवाली करायची. १९९७ चा पहिला भाग ईव्हिल डीनं मिक्स केला, १९९९ च्या दुसऱ्याला बीट जंकीज या डीजेंच्या टोळीतले बाबू आणि जे-रॉक. म्हणजे लेबल न्यूयॉर्कचं आणि स्क्रॅच करणारे हात कॅलिफोर्नियाचे! त्यामुळे जोड कुठे आहे ते कळतच नाही, कॉमन आणि सदात एक्स हे रॅपर हाय-टेक या प्रोड्यूसरच्या बीटवर येऊन जातात, मॉस डेफ येतो, फॅरो मॉंच येतो, आणि तुम्ही स्किप दाबला की संपलं, अर्धी मजा त्या सांध्यातच आहे.

एमिनेमपण आहे यात. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचा मोठा अल्बम आलेला, सगळीकडे तोच, आणि इथे मात्र तो पंगतीत बसल्यासारखा एक गाणं म्हणून गप निघून जातो. मला तो असाच जास्त आवडतो, पण हे बोललं की लोक भांडतात.

माझं सगळ्यात लाडकं मात्र कंपनी फ्लो या ग्रुपचं 'पेट्रियटिझम'. त्यात त्यांचा रॅपर एल-पी स्वतःच अमेरिका होऊन बोलतो, म्हणजे सत्ता, पैसा, बंदुका, सगळा माज त्या देशाच्याच तोंडून, आणि बीट असा की दाढ दुखायला लागेल. आता गंमत ऐका. हे ज्या लेबलवर आलं त्याला पैसा कोणाचा? जेम्स मर्डॉकचा. हो, तेच मर्डॉक, मीडियासम्राट रूपर्टचा मुलगा! खाल्ल्या मिठाला न जागण्याचं इतकं भारी उदाहरण मी तरी ऐकलेलं नाही. हे कळलं तेव्हा मला आधी फसवल्यासारखं वाटलं, 'इंडी' म्हणून आपण इतकी वर्षं मिरवत होतो ना, पण मग पुन्हा ऐकलं तर गाणं अजूनच खुनशी वाटायला लागलं. पुढे एल-पी तिथून बाहेर पडला आणि त्यानं स्वतःचं डेफिनिटिव्ह जक्स हे लेबल काढलं, ते बरंच झालं.

तिसरा भाग २००२ चा. आहे, ठीक आहे.

तर खालापूर टोलच्या आधी मी शफल बंद केलं आणि पहिल्यापासून लावला. गडी लोणावळ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही, मला वाटलं चला, पोरगं लागलं नादाला. उतरताना विचारतो काय, "दादा, ते एमिनेमवालं कितवं होतं?"