पोत्यांचा दिवस

व्यायामाच्या गटात माणसं एकमेकांना पाठमोरीच जास्त ओळखतात. पुढच्याची पाठ दिसते, मागच्याची धाप ऐकू येते, बाकी जो तो आपापल्या श्वासात. आमच्या गटात कित्येकांची नावं मला वर्षभर ठाऊक नसायची. निळी टोपीवाला, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या ताई, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारा, एवढीच काय ती ओळख. वर्षातून एक दिवस मात्र सगळे एकमेकांकडे तोंड करून उभे राहायचे, कारण मध्ये पोतं असायचं आणि ते एकट्याने उचलायचं नाही असा दंडक होता. सप्टेंबरातला तिसरा शनिवार. वेळापत्रकात त्याचं नाव ‘वार्षिक स्वच्छता मोहीम’ असं भारदस्त होतं. आम्ही म्हणायचो, पोत्यांचा दिवस.

तारीख उसनी होती. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ साली लिंडा मरानिस आणि कॅथी ओहारा या दोघींनी किनारा साफ करायची मोहीम काढली. ती पुढे जगभर पसरली आणि तिसऱ्या शनिवारी भरू लागली. आमच्या गटातल्या हिशेबनीस काकांना या दोघींचं भारी कौतुक, कारण त्यांनी पहिल्याच वर्षी नुसता कचरा उचलला नाही, काय काय उचललं त्याची यादीही केली. काकांची पाठ वजन उचलण्याजोगी नव्हती. ते पुठ्ठ्याला कागद लावून, कानावर पेन्सिल खोचून सगळीकडे हिंडायचे आणि सिगारेटची थोटकंसुद्धा मोजायला लावायचे.

‘‘काका, थोटकं कशाला मोजायची? कापसासारखी विरून जातील की!’’ असं कुणी तरी दर वर्षी म्हणायचंच. काका त्याचीच वाट बघत असत. तो कापूस नाही, सेल्युलोज ॲसिटेट आहे, म्हणजे प्लॅस्टिकच, हे ते दर वर्षी त्याच उत्साहाने सांगत. किनारा मोहिमेच्या जागतिक यादीत थोटकं कित्येक वर्षं पहिल्या नंबरावर होती. २०१९च्या मोहिमेत खाऊच्या वेष्टनांनी त्यांना पहिल्यांदा मागे टाकलं. ही बातमी काकांनी आम्हाला शर्यतीचा निकाल सांगावा तशी सांगितली होती.

आमच्या सरांना जगातली कुठलीही हालचाल व्यायामच वाटते. पोत्यांच्या दिवशीही आधी अंग मोकळं करणं, मग सूचना: कंबरेतून वाकायचं नाही, गुडघे वाकवा, पार्श्वभाग मागे, वजन अंगाशी, आणि उचलताना वळायचं नाही, आधी पाय वळवा. वर्षभर लोखंडी वजनांवर घोटलेलं हे सगळं पोत्यापुढे आलं की मजा व्हायची. लोखंडाला मूठ असते, तोल असतो. पोतं मधूनच घसरतं, खालून गळतं, आणि आतली फुटकी बाटली बाहेरून दिसत नाही. म्हणून काच पोत्यात नाही, झाकणाच्या बादलीत. सुई दिसली तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायची. आणि भरलेलं पोतं पायाला घासत न्यायचं नाही. हे नियम पोरांना तोंडपाठ होते. कचरा उचलायचे लांब चिमटे मिळावेत म्हणून ती सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असत.

खरी गंमत गटारातला गाळ काढताना. गटातला सगळ्यात तगडा मुलगा पहिल्या वर्षी बादल्या काठोकाठ भरून एकटाच पळवत होता. बादली दिसायला एवढीशी, पण दहा लिटर ओली वाळू जवळजवळ वीस किलो भरते. थोड्याच वेळात त्याच्या हाताची बोटं मिटेनात. तेव्हा गुडघ्याच्या पट्टेवाल्या ताई पुढे आल्या. ‘‘अर्ध्याच भरा, आणि रांग करा,’’ एवढंच म्हणाल्या. हातभर अंतरावर समोरासमोर दोन ओळी, बादली या हातातून त्या हातात, रिकामी उलट्या बाजूने परत. धावताना कायम शेवटी असणाऱ्या या बाईंचा ठेका सकाळभर ढळला नाही, आणि त्यांच्या आवाजावर आमचे पळपुटे वीर मुकाट चालले होते. त्या रांगेत मला माणसांची नावं कळली, कारण बादली द्यायची तर हाक मारावी लागते. निळी टोपीवाला बासरी वाजवतो, घड्याळवाल्याला लहान बाळ आहे आणि तो झोप मोडूनच येतो, हे सगळं गाळाच्या वासात समजलं.

उपयोग काय, हा प्रश्नही ठरलेला. पुढच्या महिन्यात वेष्टनं परत यायची, हे खरंच आहे. मी त्याबद्दल भाबडा नाही. टाकून दिलेल्या टायरमधलं पाणी आम्ही ओतायचो, पण डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाटचाल उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पुरी होते. वर्षातून एकदा टायर पालथे करून डास हरत नाहीत. टायर उचलून नेले तर हरतात. म्हणून माझा जीव पोत्यांपेक्षा गाडीत असायचा. कचरा न्यायची गाडी कधी, कुठे येणार हे आधी ठरलं नसेल तर सगळा दिवस वाया. पोती तिथेच राहतात आणि कुत्री ती फाडून पुन्हा पसरतात.

हे आम्ही एस्टोनियावरून शिकलो. तिथे २००८ साली सुमारे ५०,००० माणसांनी एका दिवसात दहा हजार टनांच्या आसपास कचरा उचलला, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याआधी कितीतरी महिने स्वयंसेवक हिंडून बेकायदा ढिगांच्या जागा नकाशावर मांडत होते, हे फारसं कुणी सांगत नाही. मग आमच्याकडेही आठवडाभर आधी एक सावकाश धाव ठेवली जाऊ लागली, नुसती बघण्याची. धावता धावताच उचलायचं, हा स्वीडनहून आलेला प्लॉगिंगचा प्रकारही आम्ही करून पाहिला. घड्याळवाल्याला तो सोसला नाही. दर वीस पावलांवर थांबून वाकायचं म्हणजे त्याच्या सरासरी वेगाचा पार कचरा!

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या ठणकत नसत. ठणकायचे ते पंजे, मनगटं आणि खांद्यांच्या मधली जागा. सर म्हणत, ‘‘बघा, वर्षभर काय राहून जातं ते.’’ आणि पुढचा आठवडाभर धावताना चक्क नावाने हाका ऐकू येत.

अलीकडे भांडण आहे ते तारखेचं. २०२३च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी २० सप्टेंबर हा जागतिक स्वच्छता दिन ठरवला. नव्या पोरांना तीच तारीख हवी, काकांना तिसरा शनिवारच. २०२५मध्ये दोन्ही एकाच दिवशी आले, तेव्हा दोन्ही बाजूंनी आपण जिंकलो असं जाहीर केलं. २०२६मध्ये २० तारखेला रविवार येतो. काकांनी पुठ्ठ्यावर शनिवार, १९ असं आधीच लिहून ठेवलंय, आणि पोरांनी गाडीवाल्याला रविवार सांगितलाय.