ताईचा पाय

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

परळहून ताईला घेऊन घरी पोचले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. दोघींच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. अंग मोडून आलंय, पण आजचं आजच लिहून ठेवते.

ओपीडीत नंबर लागला तेव्हा पाऊण वाजला होता. डॉक्टरबाई तरुण होत्या. जाडजूड फाइल त्यांनी पूर्ण वाचली, मग ताईला टेबलावर उताणं झोपवलं. उजव्या टाचेखाली आपला तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "टाच खाली दाबा." ताईने ओठ आवळले, कपाळावर घाम आला, पण पाय ढिम्म. "बरं, आता हा पाय विसरा. डावा वर उचला," असं म्हणत त्यांनी डावी मांडी वरून दाबून धरली आणि मला जवळ बोलावलं. "तुमचा हात ठेवा इथे, टाचेखाली."

ताईने डावा पाय उचलायला जोर लावला आणि माझा हात गादीत रुतला. उजव्या टाचेने! चार महिने जो पाय फरशीवरून फरफटत होता, तोच.

बाई ताईकडे बघून सावकाश बोलल्या, "ताकद आहे पायात. तुम्ही मुद्दाम मागता तेव्हा मेंदूकडून ती पायापर्यंत पोचत नाही. हे तुम्ही करत नाही, हे तुम्हाला होतंय."

ताई म्हणाली, "म्हणजे मी सोंग करत नव्हते ना?" आणि तिथेच ओक्साबोक्शी रडली.

या तपासणीला हूव्हरची खूण म्हणतात. चार्ल्स हूव्हर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ती १९०८ साली मांडली. तिला ना यंत्र लागतं, ना पैसे. घाटकोपरच्या पुलावर ताईचा पाय लटपटला त्या दिवसापासून आम्ही दोन एमआरआय केले, नसांची तपासणी केली, रक्ताच्या चाचण्या तर मोजल्याच नाहीत. त्या करायलाच हव्या होत्या, दुसरं काही निसटून चालत नाही. पण दर वेळी 'नॉर्मल' आलं की घरात आनंद व्हायच्या ऐवजी संशय वाढायचा. एका मोठ्या डॉक्टरांनी तर ताईकडे न बघता भावोजींना सांगितलं, "यांना काही झालेलं नाही." तेव्हापासून घरातली भाषाच बदलली. सासूबाई म्हणाल्या, कामाचा कंटाळा. आत्याने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. आणि मी? मी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "ताई, मनाचंच आहे गं हे." मला वाटलं, मी धीर देतेय. तिला त्यातही 'सोंग'च ऐकू आलं, हे आज तिने टॅक्सीत सांगितलं.

बाईंनी कागदावर नाव लिहून दिलं: फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर. याला कन्व्हर्जन डिसऑर्डरही म्हणतात. आजीच्या पिढीत 'हिस्टेरिया' म्हणून मोकळे झाले असते. त्या शब्दाचं मूळ गर्भाशयाच्या ग्रीक नावात आहे, म्हणजे दोष आधीच बाईच्या माथी. डॉक्टरबाई म्हणाल्या, रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही म्हणून हे निदान नाही. पायात ही खूण सापडली म्हणून आहे. हा फरक मला कुणी आधी सांगायला हवा होता.

आम्ही सगळे कारण शोधत होतो. नवऱ्याशी वाजलं का, ऑफिसात कुणी बोललं का, लहानपणी काही झालं का. ताई स्वतःही उकरून उकरून थकली होती. काहींच्या बाबतीत मोठा ताण किंवा आघात असतो, काहींच्या बाबतीत सापडत नाही. मानसोपचारात निदानासाठी वापरतात त्या डीएसएम नावाच्या पुस्तकाच्या २०१३ च्या आवृत्तीत, असं कारण सापडलंच पाहिजे ही अट काढून टाकली आहे. भावोजींना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. चार महिने त्यांनी सगळं स्वतःवर ओढून घेतलं होतं बहुतेक.

खरं तर आपली भाषा हे केव्हापासून जाणते. वाईट बातमीने हातपाय गळतात, पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं. तेव्हा कुणी 'काही झालेलं नाही' म्हणत नाही.

उपचार म्हणजे फिजिओथेरपी, तीही या आजाराची माहिती असलेल्यांकडे, आणि सोबत समुपदेशन. लक्ष पायावरून काढायचं, म्हणजे चाल आपसूक येते. वेळ लागेल, मधे पुन्हा बिघडूही शकतं, हेही बाईंनी लपवलं नाही. जाता जाता त्यांनी ताईला उलटं चालायला सांगितलं होतं. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत तिने पुन्हा करून बघितलं. कठड्याला एक हात, तोंड जिन्याकडे, आणि मागे मागे सरकत थेट नळापर्यंत. पाय एकदाही फरफटला नाही. शेजारच्या काकू तांदूळ निवडायच्या थांबल्या.

मग ती सरळ चालायला लागली तर पुन्हा ओढ. मी म्हटलं, "सतराचा पाढा म्हण." लहानपणी तिनेच माझ्याकडून तो घोकून घेतला होता. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत पाऊल उचललं जात होतं. पुढे अडखळली, पाढ्यात आणि पायातही.

"उद्या पुढचा," ती म्हणाली, आणि पाणी मागितलं.