बंकम

सकाळी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "हा मेसेज कधीच डीबंक झालाय." त्याखाली लगेच प्रश्न: "म्हणजे लेक्चर बंक करतात तेच का?"

नाही हो. ते बंक वेगळं. हे एका जिल्ह्यातून आलंय.

फेब्रुवारी 1820. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये मिझुरीला राज्य म्हणून घेताना तिथे गुलामगिरी असू द्यायची का, यावर वाद पेटलेला. सगळे थकलेले, मतदान घ्या म्हणून ओरडा चाललेला. अशा वेळी नॉर्थ कॅरोलिनाचे फेलिक्स वॉकर उठले आणि लांबलचक, विषयाला सोडून बोलू लागले. लोकांनी 'बसा' म्हटलं, तर उत्तर असं की मी तुमच्यासाठी नाही, बंकमसाठी बोलतोय!

बंकम म्हणजे त्यांच्या मतदारसंघातला जिल्हा, जिथे अ‍ॅशव्हिल शहर आहे. 'बंकमसाठी बोलणं' म्हणजे पोकळ भाषण, असा वाक्प्रचार रुळला. स्पेलिंग घसरलं, शेपूट गळून नुसतं 'बंक' उरलं. 1923 मध्ये विल्यम वुडवर्ड या कादंबरीकाराने त्याला 'डी' जोडला: थोतांड उघडं पाडणं.

(आपलं 'भंकस' कानाला सख्खा भाऊ वाटतो, पण नातं जोडायला जाऊ नका.)

आपल्याकडे अशा भाषणाला तालुक्याचं नाव द्यायचं झालं, तर कुठला तालुका सुटेल?