पाठ टेकल्यानंतरचा सराव

कुस्तीत समोरच्याची पाठ मातीला लागली की पंच हात वर करतो आणि काम संपते. रस्त्यावर अंगावर धावून आलेल्याची पाठ टेकवली तर खरे काम तिथून पुढे असते, कारण तो हार मानेलच असे नाही, त्याचे सोबती कुठे उभे आहेत हे आपल्याला ठाऊक नसते आणि त्याला कधी सोडायचे हे सांगायला पंचही नसतो. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही काही जण, बहुतेक चाळिशीकडे झुकलेले आणि मैदानी कुस्ती सोडलेले, या राहिलेल्या भागाचा सराव करत आहोत. आठवडाभर तालमीतले जोर, बैठका आणि लढत नेहमीप्रमाणे चालते. रविवारी सकाळी मात्र हौद्याबाहेरच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याबाहेरच्या, शहाबादी फरशीवर, अंगात शर्ट-पँट ठेवून आम्ही उतरतो. ही नोंद त्या सरावाची आहे.

जागा बदलली की डाव बदलतो, हे पहिल्याच रविवारी उमगले. तेल, ताक, हळद आणि कापूर घालून मुरवलेली, रोज फावड्याने उकरलेली माती पडणाऱ्याला सांभाळून घेते. मातीतून गादीवर जाणेसुद्धा सोपे नव्हते. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरले तेव्हा सहावे आले आणि हेलसिंकीचे कांस्यपदक त्यांना १९५२ मध्ये मिळाले. फरशी किंवा डांबर तर गादीहूनही निर्दय असते. धोबीपछाड, ढाक, कलाजंग हे आमचे लाडके डाव आम्ही या सरावातून पूर्णपणे वगळले आहेत, कारण त्यांत समोरच्याचे डोके कुठे आणि किती जोरात आपटेल यावर आपला ताबा राहत नाही. डोक्याचा मागचा भाग फरशीवर आदळला तर एखादा माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. पट काढणे, म्हणजे खाली झेपावून समोरच्याचे पाय धरणेही जवळजवळ बंद केले आहे. मातीत गुडघा टेकला तर काही बिघडत नाही, पण फरशीवर तोच गुडघा पुढचे कित्येक दिवस जिना चढू देत नाही.

आमच्यातल्या एका जोडीदाराने पूर्वी ज्युदो केला आहे. त्याचा भर स्वाभाविकपणे कॉलर आणि बाही पकडण्यावर होता. ज्युदोचा जाड सुती पोशाख ओढ सोसतो, परंतु एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या सोलापुरात माणसे पातळ अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतात, आणि तो जोर लावताच गुंड्यांसकट हातात येतो. त्यामुळे मान, मनगट, कोपर आणि बगल या उघड्या अंगावरच्या पकडीच कामाला येतात आणि त्या बाबतीत घामाने निथळणाऱ्या जोडीबरोबर खडाखडी, म्हणजे उभ्याने हात-मानेची झटापट केलेला पैलवान आधीच पुढे असतो. ज्युदोवाल्याने हे हसत मान्य केले, हे त्याच्या मनाचे मोठेपण.

सध्या आमचा सगळा भर बगलडूब मारून मागे जाण्यावर आहे. समोरचा कॉलर धरायला किंवा ठोसा मारायला हात उचलतो, तेव्हा त्याच्या कोपराखालून डोके आत घालून आपण त्याच्या पाठीमागे निघतो आणि कमरेला मिठी घालतो. मिठीत बोटांत बोटे गुंफायची नाहीत, कारण त्याने एक बोट उलटे वळवले तरी सगळी पकड सुटते. तळहातावर तळहात ठेवावा किंवा आपले एक मनगट दुसऱ्या हाताने धरावे. गाल त्याच्या पाठीला घट्ट चिकटलेला असावा, म्हणजे मागे फेकलेले कोपर आपल्या तोंडावर बसत नाही. यानंतर त्याला उचलण्याचा मोह आवरणे हा सरावातला सर्वांत अवघड भाग ठरला आहे, कारण वर्षानुवर्षांची सवय उचलून टाकण्याची आहे. आम्ही आपली कंबर त्याच्या कमरेखाली नेतो, एक पाय मागे घेऊन हळूहळू खाली बसतो आणि त्याला आपल्या मांडीवरून घसरवत जमिनीवर बसवतो. तो ढुंगणावर बसलेला, आपण त्याच्या पाठीशी, आपली छाती त्याच्या पाठीवर आणि त्याचे एक मनगट त्याच्याच पोटाशी आपल्या हातात, अशी ती स्थिती असते.

तालमीत खाली घेतलेल्या पैलवानावर सवारी भरतात, घिस्सा मारतात किंवा घुटना, म्हणजे मानेवर गुडघा ठेवून त्याला पालथ्याचा उताणा करतात. त्यामुळे नुसते बसवून धरण्याला सुरुवातीला सगळ्यांनी नाके मुरडली. माझे मत मात्र आता पक्के झाले आहे. बसलेल्या माणसाचा श्वास मोकळा राहतो, त्याचे दोन्ही हात आपल्याला दिसतात, आपली नजर आजूबाजूला फिरू शकते आणि सोडून उठायला आपल्याला क्षणभरही लागत नाही. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन टाकून बसणे याच्या अगदी उलट आहे. दारू प्यालेला, जाडजूड किंवा झटापटीने धापा टाकणारा माणूस त्या अवस्थेत गुदमरू शकतो. मानेवरचा घुटना तर मातीबाहेर वापरूच नये. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये एका पोलिसाचा गुडघा जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ राहिला आणि तो मेला. ज्युदोतल्या गळा आवळण्याच्या डावांनी मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते. तिथे पंच असतो, हात थोपटून शरण जाण्याची सोय असते. त्या गोष्टी नसताना हा डाव मी कोणाला शिकवणार नाही.

मधल्या काळात या सरावाची परीक्षा आमच्यातल्या एकाला अनपेक्षितपणे द्यावी लागली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तो टॉवेलचा माल टेम्पोत भरून घेण्याचे काम पाहतो. संध्याकाळी पिऊन आलेला एक वयस्क हमाल मजुरीच्या हिशेबावरून भडकला आणि गाठोडे ओढण्याचा लोखंडी आकडा बाजूला टाकून त्याच्या गळ्यावर आला. आकडा हातात असता तर आमचा जोडीदार पळाला असता आणि तेच योग्य ठरले असते. हात रिकामे होते म्हणून तो बगलेखालून मागे गेला आणि त्याने हमालाला टेम्पोच्या चाकापाशी खाली बसवले. “सोड बे, दम लागायलाय मला,” असे हमाल म्हणाला तेव्हा त्याने मिठी सैल केली, मनगट तेवढे धरून ठेवले आणि “मामा, बसा जरा, कोणी मारत नाही तुम्हाला,” असे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. इतर कामगार मध्ये आले, कोणीतरी पाणी आणले आणि प्रकरण मिटले. सगळा प्रकार एखाद्या मिनिटाचा असेल, तरी नंतर आपले पाय थरथरत होते असे जोडीदाराने सांगितले. दुसऱ्या दिवशी दोघेही त्याच टेम्पोवर कामाला होते. ज्याच्याबरोबर उद्या पुन्हा काम करायचे आहे त्याला दात न पाडता थांबवता येते, यासाठी मला ठोशांपेक्षा पकडीची विद्या जवळची वाटते.

कायद्याची बाजूही आम्ही एका वकील मित्राकडून समजून घेतली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करण्याचा हक्क मिळत नाही आणि कलम ४० नुसार शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची वाजवी भीती असेपर्यंतच टिकतो. बसवून धरलेल्याने अंग सैल सोडले की आपली सबब संपली, एवढे त्यातून स्पष्ट होते. म्हणून आता प्रत्येक फेरीत धरणारा मोठ्याने “११२ ला फोन लावा” असे ओरडतो. हे पहिल्यांदा सगळ्यांना नाटकी वाटले, पण बघ्यांपैकी एकाला काम नेमून दिले की तोही आपल्या बाजूचा साक्षीदार होतो.

अजून जमत नाही ते दोन जणांचे. एकाला बसवून धरले असताना दुसरा बाजूने आला, तर पहिल्याला त्याच्या अंगावर ढकलून उठायचे असे ठरले आहे. प्रत्यक्षात पकड लगेच सुटत नाही, कारण मिळालेला कब्जा सोडायचा नाही हेच आजवर अंगात भिनवले आहे. वस्तादांनी यावर तोडगा सुचवला आहे. त्यांनी टाळी वाजवली की पकड कितीही चांगली असली तरी सोडून, पाठ न दाखवता, दरवाजापर्यंत मागे सरकायचे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेनंतर तालमीतली पोरे मैदानातून मोकळी झाली की त्यांतली दोन दांडगी पोरे “दुसरा माणूस” म्हणून मिळणार आहेत; तोपर्यंत टाळीवर सोडण्याचाच सराव चालू राहील.