जाते फिरले की ओवी

कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातील मांडणशिल्पासाठी मी आजीचे दगडी जाते निवडले, कारण हाताने फिरवल्यावाचून जे बोलत नाही अशा वस्तूतच प्रेक्षकाच्या सहभागाला खरा अर्थ येतो, असे मला मनापासून वाटते. वरच्या तळीच्या कडेला आठ छोटी चुंबके चिकटवली आणि शेजारी, पिठापासून वाचवण्यासाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चुंबक जवळ आल्याचे ओळखणारा हॉल सेन्सर बसवला. चुंबक समोरून गेले की तो आर्डुइनो या छोट्या संगणकीय बोर्डाला संकेत देतो आणि दोन संकेतांमधल्या वेळेवरून आजीच्या ध्वनिमुद्रित ओवीची लय ठरते. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी खुंट्याला कोणी हातच लावला नाही, कारण दालनातील वस्तूंना शिवायचे नाही हे आपल्या अंगवळणी पडले आहे. मग मी शेजारी सुपात ज्वारी ठेवली. एका प्रौढ बाईंनी काही न विचारता मूठभर ज्वारीची वैरण जात्याच्या तोंडी घातली, खुंटा धरला आणि आजीची ओवी संपताच पुढची स्वतःच म्हटली.